अर्धं हेलिकॉप्टर

‘टिल्टरोटर’ला मराठीत शब्द नाही. कधी लागलाच नाही, म्हणून नाही. भारताच्या भूदलाकडे, नौदलाकडे किंवा हवाई दलाकडे असं एकही यंत्र नाही, आणि ज्या वस्तू आपल्याकडे नसतात त्यांना आपण नावं ठेवतो, नाव देत नाही. अनुवादात असा शब्द आला तर मी तो सरळ देवनागरीत लिहून पुढे जाते. रविवारी संध्याकाळी सात वाजता मात्र तसं पुढे जाता येत नाही. त्या वेळी तंजावर जिल्ह्यातल्या आमच्या गावात, तिरुवैयारूच्या जरा अलीकडे, कुडमुरुट्टी नदीकाठच्या घरात अम्मा फोनसमोर बसलेल्या असतात आणि फोनमध्ये नॉर्थ कॅरोलायनातली सकाळ असते.

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८१. फोनमधला त्यांचा नातू, माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा, वय ३३. जन्म न्यू जर्सीचा, नोकरी अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये, काम व्ही-२२ ऑस्प्रे चालवणं. त्याला आमच्या घरातली मराठी येते ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत: डांगर, रसवांगी, आंघोळ, झोप, ताप. अम्मांना तंजावरी मराठी आणि तमिळ. इंग्रजी टीव्हीवरच्या जाहिरातींपुरतं. नोकरीचा विषय निघाला की दोघंही बोलायचं थांबतात आणि माझी वाट बघतात.

मी सोलापूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं, निदान घरात तरी भाषेची अडचण येणार नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं तेव्हापासून या घरात मराठी बोलतात. पण साडेतीनशे वर्षांत त्या मराठीनं तमिळचं पाणी इतकं प्यायलं आहे की पहिलं वर्षभर मी जेवायला बसतानाही मनात अनुवाद करत होते. अम्मांची वाक्यं इथे मी माझ्या मराठीत देते आहे. त्यांच्या हेलाशिवाय ती निम्मी राहतात, पण निम्म्याची सवय या घराला आहे.

पहिला प्रश्न साधा होता: तो चालवतो ते काय आहे? ‘विमान’ म्हणून भागलं नाही. तंजावरमध्ये विमान म्हणजे आधी मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यावरचं, हजार वर्षांपूर्वी राजराज चोळानं उभारलेलं, दोनशे फुटांच्या वर जाणारं शिखर. अम्मांच्या लेखी अजूनही तेच. उडतं ते ‘प्लेन’, आणि त्यातलं एक त्यांना नावानं ठाऊक आहे. तंजावरच्या वेशीवर दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे. तिथला तळ २०१३ मध्ये ए. के. अँटनींच्या हस्ते हवाई दलाचं केंद्र म्हणून पुन्हा सुरू झाला आणि २० जानेवारी २०२० ला तिथे सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन आली, ‘टायगरशार्क्स’. तेव्हापासून आमच्या गावावरून सुखोई जातं. आवाज आला की अम्मा बोलणं थांबवतात, तो ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात.

‘‘तसलं का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही. हे हेलिकॉप्टरसारखं जागेवरून सरळ वर जातं. वर गेलं की प्लेनसारखं पुढे.’’

‘‘मग हेलिकॉप्टर म्हण.’’

‘‘अर्धं.’’

तेव्हापासून घरात ‘अर्धं हेलिकॉप्टर’ हाच शब्द आहे. शब्दकोशात घालण्यासारखा नाही, पण पारिभाषिक शब्दांच्या समित्यांनी याहून वाईट शब्द दिलेले मी पाहिले आहेत.

यंत्र खरं तर समजायला सोपं आहे. पंखाच्या दोन टोकांना दोन इंजिनं, प्रत्येकावर साडेअकरा मीटर व्यासाचं पातं. इंजिनं उभी असली की पाती आभाळाकडे, तेव्हा ते हेलिकॉप्टर. इंजिनं हळूहळू आडवी झाली की पाती पुढे, तेव्हा ते विमान. वैमानिकाच्या डाव्या हातातल्या दांड्यावर अंगठ्याखाली एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की इंजिनं कलतात. नेहमीच्या हेलिकॉप्टरमध्ये ताकद वाढवायला डावा दांडा वर ओढतात. ऑस्प्रेत तो पुढे ढकलतात, विमानासारखा. म्हणजे हेलिकॉप्टरवर हात बसलेल्या माणसाला इथे हाताची जुनी सवय मोडावी लागते. ‘‘गडबडीच्या क्षणी हात जुनी भाषा बोलायला लागतो,’’ असं पुतण्या एकदा इंग्रजीत म्हणाला. ते वाक्य मी अम्मांना सांगितलं नाही, स्वतःजवळ ठेवलं.

एक इंजिन बंद पडलं तर? हा अम्मांचा दुसरा प्रश्न. मी बैलजोडीचं उदाहरण दिलं. एक बैल बसला तर दुसरा ओढतो. अम्मांचं बालपण शेतावर गेलेलं. त्यांनी मला तिथेच अडवलं. एक बैल बसला आणि दुसरा ओढत राहिला तर गाडी पुढे जात नाही, जागच्या जागी फिरते. अगदी बरोबर, आणि ऑस्प्रे बनवणाऱ्यांनाही हीच भीती होती. म्हणून पंखाच्या आतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक फिरता दांडा घातलेला आहे. एक इंजिन थांबलं तर दुसऱ्याची ताकद त्या दांड्यातून दोन्ही पात्यांना जाते. ‘‘म्हणजे बैल एक, पण जू दोघांच्या मानेवर,’’ अम्मा म्हणाल्या. याहून चांगला अनुवाद मला आजवर सुचलेला नाही.

पुतण्याचं शिक्षण कसं झालं हे ऐकताना मला माझाच अभ्यासक्रम आठवत होता. आधी प्रोपेलरचं एक इंजिनाचं प्रशिक्षण विमान, सगळ्यांसाठी सारखं. तिथून वाटा फुटतात: जेट, हेलिकॉप्टर, मोठी विमानं, टिल्टरोटर. टिल्टरोटरवाल्यांना थोडे दिवस छोट्या हेलिकॉप्टरवर बसवतात, थोडे दिवस दोन इंजिनांच्या विमानावर, आणि दोन्ही अर्धवट हाताला लागलं की मग न्यू रिव्हर इथल्या प्रशिक्षण स्क्वाड्रनमध्ये खरं यंत्र देतात. आमच्याकडे तौलनिक साहित्यात असंच असायचं. मराठीवाले म्हणत, तुम्ही इंग्रजीचे. इंग्रजीवाले म्हणत, तुम्ही नेमके कशाचे? नोकरीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ असं लिहिलेलं असे आणि आम्ही कशाशीच संबंधित नसू. मी अनुवादाकडे वळले त्याला ध्येयाइतकंच हेही कारण आहे.

रोजच्या आयुष्याबद्दल अम्मांना फार मोठी कल्पना होती: नातू रोज सकाळी उठून उडतो आणि संध्याकाळी उतरतो. तसं नसतं. आठवड्यात दोन-तीन उड्डाणं मिळाली तर तो आठवडा चांगला. दीड तासाच्या उड्डाणाआधी दोन-दोन तास बैठक: हवामान, वजन, इंधन, कुठे उतरायचं, तिथे उतरता आलं नाही तर कुठे, रात्र असेल तर चंद्र किती. रात्रीचा चष्मा लावून उडायचं तर चंद्राची तिथी बघावीच लागते. हे कळल्यावर अम्मांना त्या नोकरीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. उतरल्यावर पुन्हा बैठक, काय चुकलं त्याची. उरलेला वेळ कार्यालयात. प्रत्येक वैमानिकाकडे जमिनीवरचंही एक खातं असतं: कुणाकडे वेळापत्रक, कुणाकडे सुरक्षा, कुणाकडे दुरुस्ती विभागातल्या शंभरएक माणसांच्या रजा, बढत्या, भांडणं. ‘‘म्हणजे पीडब्ल्यूडी,’’ अम्मा म्हणाल्या. माझे सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यात होते, कालव्यांवर. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सुटायचं की नाही याच्या बैठकांत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, प्रत्यक्ष पाणी बघण्यात फार कमी.

मग सहा-सात महिने जहाज. तिथे जागा इतकी कमी की ऑस्प्रेची पाती दुमडतात आणि अख्खा पंख फिरवून धडाच्या लांबीवर आणून ठेवतात. दीड मिनिटाचं काम. जहाजावर जाताना तो पुळिकाचलची बाटली नेतो. अम्मा इथून करून पाठवतात, चिंच जास्त, तेल जास्त, म्हणजे टिकतं. मरीन कोअरच्या कुठल्याशा युद्धनौकेवर एक माणूस भातात चिंचेचा ठेचा कालवून खातो, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विश्वसनीय दृश्य वाटतं.

या घराला नोकरीसाठी लांब जाण्याचं कौतुक नाही. तंजावरच्या देशस्थांची पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट तीच आहे. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. इथल्या गादीला वारस उरला नाही आणि १८५५ नंतर राज्यच संपलं, तेव्हा मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या आणि शिवाय तमिळ, तेलुगू, इंग्रजी येणाऱ्या या लोकांना दुसऱ्यांच्या कारभारात जागा शोधाव्या लागल्या. महसूल, न्यायालय, रेल्वे, बँका. दोन-तीन भाषांच्या मध्ये उभं राहणं हेच त्यांचं भांडवल होतं. अम्मांच्या माहेरी एक मामा रेल्वेत होते, त्यांचं नाव अजूनही ‘खरगपूरमामा’ असंच घेतात; खरं नाव कुणाला आठवत नाही. तेव्हा नातू नॉर्थ कॅरोलायनात आहे ही बातमी नव्हे. अम्मांना काळजीचा प्रश्न वेगळाच होता.

‘‘पेन्शन आहे का?’’

त्यांना सासऱ्यांची कौटुंबिक पेन्शन मिळते. ती दर महिन्याला बँकेत येते, आणि ज्या नोकरीला पेन्शन नाही ती नोकरी त्या ‘कामाला जातो’ या सदरात टाकतात. मी विचारलं. तो म्हणाला, वीस वर्षं पूर्ण केली तर. एकोणीस वर्षं अकरा महिने केली तर नाही. त्याची अकरा झाली आहेत. वैमानिकाचे बिल्ले मिळाल्यावर दिलेल्या बांधिलकीची वर्षं पुढच्या वर्षी संपतात, आणि मग राहायचं की निघायचं हे त्याला ठरवायचं आहे. राहिला तर मेजरचं पद, मग एखाद्या मुख्यालयात टेबल, प्रशिक्षक म्हणून काही वर्षं, नशीब असेल तर पुन्हा उडणारं पद. लेफ्टनंट कर्नलच्या वर जागा झपाट्यानं कमी होतात. जितकी बढती तितकं उडणं कमी, हे जगातल्या प्रत्येक हवाई दलात सारखंच.

माझ्याकडे काही महिने तमिळ शिकायला येणारी एक साताऱ्याची मुलगी होती. नवरा आपल्या हवाई दलात हेलिकॉप्टरचा वैमानिक, तंजावरच्या तळावर जमिनीवरच्या कामावर आलेला. तिच्याकडून मला इकडची बाजू कळली. डुंडिगलला सुरुवातीचं उड्डाण शिकले की वाटा ठरतात: फायटर, मालवाहू, हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरवाले हकिमपेटला जातात. आवड विचारतात, पण मिळतं ते गुणांवर आणि जागांवर. पूर्ण सेवेत असलेल्याला सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर; तिथपर्यंत काळच वर नेतो, पुढे निवड. तिचा नवरा शॉर्ट सर्व्हिसचा होता: चौदा वर्षं, मग बाहेर, पेन्शन नाही. बाहेर नोकऱ्या आहेत, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं, यात्रेकरूंची हेलिकॉप्टरं. प्रवासी विमान कंपन्यांत जायचं तर विमानाचा परवाना वेगळा काढावा लागतो, स्वतःच्या पैशानं. हे सगळं ती ‘वेलांगण्णीला बसनं कसं जायचं’ याच्या तमिळ वाक्यांच्या मधे मधे सांगायची, आणि क्रियापदांपेक्षा चटकन सांगायची.

पुतण्याची अडचण याच अडचणीची पुढची आवृत्ती आहे. अमेरिकेत प्रवासी विमानाचा कप्तान व्हायचा परवाना १,५०० तासांनंतर मिळतो. लष्करी वैमानिकांना सवलत आहे, ७५० तासांत मर्यादित परवाना. पण त्यातले काही तास पंखांच्या विमानावर, स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून झालेले लागतात. ऑस्प्रेचे तास त्या रकान्यात सरसकट बसत नाहीत. हेलिकॉप्टरच्याही रकान्यात बसत नाहीत. तिथल्या विमान प्राधिकरणानं १९९७ पासून ‘पॉवर्ड लिफ्ट’ नावाचा तिसरा रकाना ठेवला आहे आणि लष्करातून येणाऱ्या ऑस्प्रेवाल्यांना त्या रकान्यातला परवाना मिळतो. फक्त त्या परवान्यावर चालवायला बाहेरच्या जगात काही नाही. नागरी वापराचं एकमेव टिल्टरोटर, लिओनार्दोचं एडब्ल्यू-६०९, २००३ मध्ये पहिल्यांदा उडालं. वीस वर्षं उलटून गेली तरी ते अजून प्रमाणपत्राची वाट बघतं आहे. वीस वर्षांच्या अनुभवावर जगातला सर्वोत्तम टिल्टरोटर वैमानिक झालेला माणूस बाहेर पडला तर त्याला एका छोट्या भाड्याच्या विमानात बसून विद्यार्थ्यांसारखे तास भरावे लागतात. पुतण्या सध्या शनिवारी तेच करतो. एका कंपनीच्या मुलाखतीत त्याला विचारलं, ‘‘तुमचे हे तास आम्ही नेमके कशात धरायचे?’’ सांगताना तो हसत होता. मी हा प्रश्न अम्मांना शब्दशः सांगितला. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपल्यासारखं. पुण्याचे म्हणतात तुम्ही मद्राशी, इथले म्हणतात मराठे.’’

अर्थात रकाने बदलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या प्राधिकरणानं पॉवर्ड लिफ्टसाठी वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे आणि उड्डाणाचे नियम काढले, कारण आता विजेवर चालणाऱ्या, उभ्यानं उडून आडव्यानं जाणाऱ्या टॅक्सींच्या कंपन्या रांगेत उभ्या आहेत. आपल्याकडेही दिल्ली ते गुरुग्राम अशा टॅक्सीची घोषणा २०२३ मध्ये झाली, आणि चेन्नईच्या आयआयटीतून निघालेली एक कंपनी स्वतःचं यंत्र बांधते आहे. शिवाय अमेरिकेच्या भूदलानं डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या ब्लॅक हॉकच्या जागी बेलचं टिल्टरोटर निवडलं. म्हणजे हजारो हेलिकॉप्टर वैमानिकांना आता ही मधली भाषा शिकावी लागेल आणि ती शिकवणारे लागतील. पुतण्याची आशा त्या दोन गोष्टींवर आहे. मला टॅक्सीवर भरवसा नाही, शिकवण्यावर आहे. पण माझं मत कुणी विचारलेलं नाही. मी फक्त इकडचं तिकडे करते.

सगळं करत नाही.

८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ हवाई दलाचं एमआय-१७ कोसळलं, सुलूरहून वेलिंग्टनला जाताना. जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी आणि आणखी बारा माणसं गेली. दोन वर्षांपूर्वी हेच रावत तंजावरला सुखोईच्या समारंभाला आले होते, अम्मांनी टीव्हीवर पाहिले होते. त्या दिवसापासून हेलिकॉप्टर हा शब्द घरात जरा खाली बघून बोलला जातो. नातवाचं यंत्र ‘अर्धं’च हेलिकॉप्टर आहे, यात अम्मांना दिलासा वाटत असावा. पुतण्यानं मला तेव्हाच सांगितलं, ‘‘काकी, अपघातांबद्दल आज्जीला मी सांगेन. तू सांगू नकोस.’’ मी मान्य केलं.

त्यामुळे जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाच मरीन गेले तेव्हा मी काही बोलले नाही. त्या अपघाताचं कारण म्हणजे अम्मांच्या जुवाचीच गोष्ट होती: इंजिन आणि गिअर यांच्यामधला क्लच क्षणभर निसटतो, ताकद दांड्यातून दुसरीकडे जाते आणि क्लच पुन्हा हिसक्यानं बसतो. पुढच्या फेब्रुवारीत आदेश निघाला की तो भाग ८०० तास चालला की बदलायचा. ऑगस्ट २०२३, ऑस्ट्रेलिया, तिघे. २९ नोव्हेंबर २०२३, जपानच्या याकुशिमा बेटाजवळ, हवाई दलाचं ऑस्प्रे, आठ. त्यानंतर अमेरिकेतली सगळी ऑस्प्रे तीन महिने जमिनीवर ठेवली. त्या तीन महिन्यांत पुतण्या दर रविवारी अगदी वेळेवर फोनवर यायचा. ‘‘हल्ली याला बराच वेळ असतो,’’ अम्मा म्हणाल्या. मी म्हटलं, यंत्रं तपासणीला लावली आहेत. ते खरंच होतं.

त्या अपघाताचा अहवाल पुढच्या ऑगस्टमध्ये आला आणि पुतण्यानं तो मला पाठवला, वाच म्हणाला. गिअरच्या एका चाकाला तडा गेला होता. तेलात धातूचा कण आला की दिवा लागतो. यंत्र विजेच्या झटक्यानं तो कण जाळून टाकतं आणि दिवा विझतो. त्या दिवशी दिवा पुन्हा पुन्हा लागला आणि विझला. अहवालात धातूबरोबर वैमानिकाच्या निर्णयाकडेही बोट आहे: तो लवकर उतरला नाही. पुतण्याला त्यातलं प्रत्येक वाक्य पाठ आहे. ‘‘दिवा विझला की यंत्रच म्हणतं, मी बघून घेतलं, तू चल,’’ तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा उडायला लागल्यावर कित्येक महिने नियम होता, अर्ध्या तासात उतरता येईल अशी धावपट्टी जवळ हवी. भर समुद्रात जहाजावरून उडणाऱ्याला अर्ध्या तासावर धावपट्टी कुठून मिळायची? म्हणजे उडायचंच नाही. तास भरत नाहीत, हात विसरतो, आणि विसरलेला हात हाच पुढचा धोका.

अम्मांना हे कळलं ते माझ्याकडून नाही. चेन्नईच्या एका भाचेसुनेनं व्हॉट्सअ‍ॅपवर तमिळमधला व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो तीनदा पाहिला, फोन उलटा ठेवला आणि वाल सोलायला घेतले. दोन दिवसांनी रात्री मला विचारलं, ‘‘तू सगळं सांगत नाहीस ते मला ठाऊक आहे. त्यानं सांगू नको म्हटलंय, की तुझं तूच?’’

‘‘त्यानं.’’

‘‘मग ठीक आहे. त्याला सांगू नको मला कळलंय ते.’’

आता मी दोन्हीकडून गाळते. माझ्या धंद्यात गाळणं हा गुन्हा आहे आणि एरवी मी दुसऱ्यांच्या अनुवादांत तो शोधून काढते. पण दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत असतील आणि दोघांनाही ती ठाऊक असेल, तर मधल्या माणसानं गप्प राहणं हाच मला त्यातला नेमका अनुवाद वाटतो.

गेल्या जुलैत तो दहा दिवस आला. कुरुवैचं भात पोटरीला येत होतं, नदीला पाणी होतं. संध्याकाळी तो तिण्णैवर बसायचा, घरापुढच्या ओट्यावर. सुखोई गेलं की आपण सगळे वर बघतो. तो आधी घड्याळ बघायचा, मग वर. गावातली चार-पाच मुलं रोज संध्याकाळी नदीच्या बांधावर पळतात. अग्निवीरच्या भरतीची तयारी, १.६ किलोमीटरची धाव. तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी थांबली. तमिळमधून इंग्रजी, इंग्रजीतून तमिळ. मधे मी, आणि अम्मा आतून ऐकत.

पगार किती, हा पहिला प्रश्न. मग बंदूक असते का. मग एकानं, जो सर्वांत बारीक आहे आणि सर्वांत पुढे पळतो त्यानं, विचारलं, ‘‘किती वर्षं ठेवतात?’’ पुतण्यानं वीस वर्षांचं गणित सांगितलं. मुलगा म्हणाला, आमचं चार वर्षांचं. शंभरात पंचवीस ठेवतात, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख देऊन घरी. पुतण्यानं मला दोनदा विचारलं की मी बरोबर सांगते आहे का. मग त्यानं त्या मुलाला विचारलं, ‘‘चार वर्षांनी तू काय करणार?’’ मुलगा हसला. ‘‘अण्णा, तुम्ही अकरा वर्षांनी काय करणार?’’

हे मी इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. पुतण्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उत्तर दिलं नाही, त्यामुळे मला अनुवाद करावा लागला नाही. मुलं पळत गेली. आतून अम्मांनी विचारलं, ‘‘काय म्हणाला तो?’’ मी म्हटलं, तुम्हाला तमिळ माझ्याहून चांगलं येतं. ‘‘तो नव्हे. आपला.’’

तो परत गेला आणि अम्मांनी दुसरं काम काढलं. त्याच्या लग्नाचा बायोडेटा. आमच्या समाजात अजूनही असे कागद फिरतात, फक्त आता फोनवर: एक तमिळमध्ये, एक इंग्रजीत, आणि सोलापूर-पुण्याकडच्या स्थळांसाठी एक मराठीत. गोत्र, नक्षत्र, उंची या ओळी पाच मिनिटांत झाल्या. नोकरीच्या ओळीवर आम्ही दोन रविवार घालवले. ‘ऑस्प्रे’ लिहिलं तर कुणाला कळणार नाही. ‘हेलिकॉप्टर’ अम्मांना नको होतं, कारण कुन्नूर. ‘फायटर’ खोटं. ‘विमान’ लिहिलं तर उद्या मुलीकडचे विचारतील कुठल्या कंपनीत, मग तिकिटं स्वस्त मिळतात का. मी ‘लष्करी वैमानिक, अमेरिका’ असं सुचवलं. अम्मांनी ते वाचलं आणि पुढे ‘सरकारी नोकरी’ असं घालायला सांगितलं.

‘‘अमेरिकेचं सरकार, अम्मा.’’

‘‘सरकार ते सरकार.’’

रविवारी मी ती ओळ त्याला वाचून दाखवली. तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, राहू दे, अजून चौदा महिने तरी खरं आहे. अम्मांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं, राहू दे म्हणतोय.